५० मिमीच्या बरोबरीची लेन्स कोणती? फॉरमॅट बदलताना तुलना कशी करावी

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी ५० मिमी एफ/१.८ आणि ८५ मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स आहेत. काकांकडून आपल्याला मामिया सी-३३० हा ट्विन लेन्स कॅमेरा ८० मिमी एफ/२.८ लेन्ससह मिळाला आहे, आणि फोर्टमधल्या जुन्या इमारतींसाठी ४ बाय ५ इंचाचा शीट फिल्मचा कॅमेरा घ्यावा की काय, असाही विचार आपल्या मनात आहे. आपल्या मित्राने तक्ता लावून चाचणी घेतली तेव्हा ५० मिमीच्या लेन्सने दर मिलिमीटरला ८० रेषा-जोड्या (काळ्या-पांढऱ्या रेषांच्या जोड्या) सुट्या दाखवल्या आणि मामियाच्या लेन्सने ५५. त्यावरून मामियाची लेन्स दुय्यम आहे असे त्याने ठरवले. मामियाच्या फोकल लेंग्थला १.८ ने भागले की ३५ मिमीची बरोबरी मिळते, असेही त्याने सांगितले. मग मामियावर ८५ मिमीच्या जागी कोणती लेन्स घ्यावी, असे आपण विचारता.

मित्राचे आकडे मला अविश्वसनीय वाटत नाहीत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र नेमका उलटा आहे. निगेटिव्ह कोणी भिंतीवर लावत नाही. पाहिली जाते ती प्रिंट, आणि वेगवेगळ्या आकारांच्या निगेटिव्ह एकाच आकाराच्या प्रिंटपर्यंत पोहोचताना वेगवेगळ्या पटीने मोठ्या होतात. म्हणून कोणत्याही दोन फॉरमॅटच्या, म्हणजे निगेटिव्हच्या आकारांच्या, लेन्सची तुलना करण्याआधी कागद ठरवावा लागतो: त्याचा आकार, त्याच्या बाजूंचे प्रमाण आणि तो किती अंतरावरून पाहिला जाणार आहे हे. मी इथे १६ बाय २० इंचाची प्रिंट धरतो, कारण प्रदर्शनासाठी आपल्याकडे हा आकार वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्याचे ४:५ हे प्रमाण ४ बाय ५ च्या शीटशी थेट जुळते.

आता या कागदावर बसणारा निगेटिव्हचा भाग पाहू. ३५ मिमीची चौकट २४ बाय ३६ मिमीची असते. ४:५ प्रमाणासाठी तिच्यातले २४ बाय ३० एवढेच कामी येते. आपल्या मामियाची चौकट नावाला ६ बाय ६ सेंटिमीटर असली तरी प्रत्यक्षात सुमारे ५६ बाय ५६ मिमी असते, आणि तिच्यातून ४५ बाय ५६ चा तुकडा वापरला जातो. ६ बाय ७ ची ५६ बाय ७० मिमीची चौकट जवळजवळ पूर्ण वापरली जाते. ४ बाय ५ च्या शीटवर होल्डरच्या कडा वगळून साधारण ९६ बाय १२० मिमी मिळतात. १६ बाय २० च्या प्रिंटसाठी यांतली पहिली निगेटिव्ह सुमारे १७ पट मोठी करावी लागते, दुसरी ९ पट, तिसरी सव्वासात पट आणि चौथी फक्त सव्वाचार पट. पुढचे सगळे विवेचन या चार आकड्यांवर उभे आहे.

मित्राच्या चाचणीला हा हिशोब लावून पाहा. ३५ मिमीच्या ८० रेषा-जोड्या १७ पट वाढवल्यावर प्रिंटवर दर मिलिमीटरला ४.७ उरतात, तर मामियाच्या ५५ रेषा-जोड्या ९ पट वाढवल्यावर ६.१ उरतात. हातात धरून २५ सेंटिमीटरवरून पाहिलेल्या प्रिंटमध्ये चांगल्या नजरेला साधारण ५ रेषा-जोड्या पुरेशा वाटतात, अशी जुनी व्यावहारिक मर्यादा आहे. त्या मर्यादेपर्यंत पोहोचायला ३५ मिमीच्या निगेटिव्हवर ८५ रेषा-जोड्या लागतात, ६ बाय ६ वर ४५, ६ बाय ७ वर ३६ आणि ४ बाय ५ वर केवळ २१. म्हणजे ‘दुय्यम’ ठरलेली लेन्स तिच्या कामासाठी पुरून उरते आणि ‘श्रेष्ठ’ ठरलेली किंचित कमी पडते. एक गोष्ट मात्र मित्राला जरूर विचारा: त्याने मोजल्या त्या रेषा होत्या की रेषा-जोड्या? एक काळी आणि एक पांढरी मिळून एक जोडी होते. काही जुन्या लेखांत दोन्ही सुट्या मोजलेल्या असतात, आणि तसे असेल तर सगळे आकडे निम्मे होतात.

शिवाय लेन्स एकटी काम करत नाही. कोडॅकने टी-मॅक्स १०० या अतिशय बारीक कणांच्या फिल्मसाठी जे आकडे छापले आहेत, त्यांत १०००:१ इतका तीव्र फरक असलेल्या तक्त्यावर ही फिल्म दर मिलिमीटरला २०० रेषा-जोड्या सुट्या दाखवते, तर १.६:१ इतक्या सौम्य फरकावर फक्त ६३. प्रत्यक्ष जगातला पोत, म्हणजे बेसॉल्टच्या दगडावरची टाकीची खूण, साडीची वीण किंवा गालावरची त्वचा, हा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. मग ३५ मिमीवर अशा पोतासाठी लागणाऱ्या ८५ रेषा-जोड्या फिल्मच देऊ शकत नाही, मागे लेन्स कितीही महागाची असली तरी. मामियाला लागणाऱ्या ४५ त्या फिल्मच्या आवाक्यात आहेत. चांगली लेन्स लावली की छोटा फॉरमॅट मोठ्याला गाठतो, हे विधान लहान प्रिंटपुरते खरे आहे. १६ बाय २० ला ते टिकत नाही.

लेन्सबरोबर मिळणारे एमटीएफचे आलेख, म्हणजे लेन्स काळ्या-पांढऱ्यातला फरक किती जपते हे दाखवणारे आलेख, वाचतानाही हाच घोटाळा होतो. झाइसने हॅसलब्लाडच्या लेन्ससाठी दर मिलिमीटरला १०, २० आणि ४० रेषा-जोड्यांचे आलेख दिले आणि ३५ मिमीच्या लेन्ससाठीही तेच आकडे वापरले. श्नायडर आणि रोडेनश्टॉक यांच्या लार्ज फॉरमॅट (४ बाय ५ आणि त्याहून मोठ्या) लेन्सच्या आलेखांत बहुधा ५, १० आणि २० च्या रेघा दिसतात. दोन आलेख शेजारी ठेवून ४० ची रेघ ४० शी ताडली, तर मोठ्या फॉरमॅटवर अन्याय होतो. आपल्या कागदाच्या हिशोबाने ३५ मिमीची ४० ची रेघ ६ बाय ६ च्या २० च्या रेघेशी आणि ४ बाय ५ च्या १० च्या रेघेशी ताडायला हवी. अशी तुलना केली की मोठ्या फॉरमॅटची साधी, जुनी लेन्सही किती उंचावर दिसते हे कळते. रेषा जितक्या विरळ, तितका काळ्या-पांढऱ्यातला फरक लेन्स अधिक जपते. मोठ्या निगेटिव्हच्या प्रिंटमध्ये जो ठोसपणा जाणवतो, त्याचा बराचसा भाग माझ्या मते इथून येतो.

आता फोकल लेंग्थ. १.८ हा आकडा दोन चौकटींच्या कर्णांचे गुणोत्तर आहे: ३५ मिमीच्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी, ६ बाय ६ चा ७९.२, म्हणून १.८३. हिशोब चुकीचा नाही. पण कर्णाचा दृष्टिकोन फक्त दोन्ही चौकटींचे प्रमाण सारखे असेल तेव्हाच पूर्ण उपयोगी पडतो. चौरस आणि ३:२ चा आयत यांची तुलना कर्णाने केली तर उत्तर धड या कागदाचे राहत नाही आणि त्या कागदाचेही राहत नाही. आपल्या ८० मिमीच्या लेन्सचेच उदाहरण घ्या. कर्णाने मोजले तर ती ३५ मिमीवरच्या ४४ मिमीसारखी वागते. दोन्ही निगेटिव्हमधून ४:५ ची प्रिंट काढली तर गुणोत्तर १.८७ होते आणि ती ४३ मिमीसारखी वागते. पण दोन्हींतून ३५ मिमीच्या प्रमाणाची, म्हणजे १२ बाय १८ इंचाची आडवी प्रिंट काढली, तर मामियाच्या चौरसातला वरखालचा भाग वाया जातो, रुंदीचे गुणोत्तर ५६ भागिले ३६ म्हणजे १.५६ होते आणि तीच लेन्स ५१ मिमीसारखी वागते. लेन्स एकच, उत्तरे तीन, आणि तिन्ही आपापल्या कागदापुरती बरोबर.

मोठ्या फॉरमॅटमध्ये हा फरक आणखी वाढतो. ४ बाय ५ साठी कर्णाचे गुणोत्तर साडेतीन येते, पण ४:५ च्या कागदासाठी ते चार आहे. ४ बाय ५ ची ‘नॉर्मल’ म्हणून विकली जाणारी १५० मिमीची लेन्स या हिशोबाने ३५ मिमीवरच्या ३७-३८ मिमीइतकी रुंद आहे. आपल्या ५० मिमीला ४ बाय ५ वर खरी बरोबरी हवी असेल, तर ती २०० मिमीच्या आसपास, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या २१० मिमीमध्ये आहे. याचे कारण असे की इतर फॉरमॅटमध्ये नॉर्मल लेन्स चौकटीच्या कर्णाएवढी धरली गेली, तर ३५ मिमीमध्ये कर्ण ४३ असूनही ५० ची प्रथा पडली. केवळ ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबून लेन्स घेणाऱ्याला चौकट अपेक्षेपेक्षा रुंद मिळते आणि मग तो फॉरमॅटला दोष देतो.

या सगळ्यात एक अट गृहीत आहे, ती म्हणजे कॅमेरा जागचा हलत नाही. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्पर आकार फक्त उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असतात. फॉरमॅटचा किंवा फोकल लेंग्थचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. लेन्स फक्त त्या जागेवरून किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. मीडियम फॉरमॅटमध्ये, म्हणजे ६ बाय ६ किंवा ६ बाय ७ सारख्या चौकटींत, चेहरा ‘चपटा न होता भरीव दिसतो’ असे जे सांगितले जाते, त्यात उभे राहण्याच्या अंतराचा वाटा तपासून पाहिल्याशिवाय लेन्सला श्रेय देऊ नये.

यानंतर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे किती खोली स्पष्ट दिसते ते, जिथे सर्वांत जास्त दंतकथा आहेत. एक्सपोजरसाठी एफ/८ म्हणजे प्रत्येक फॉरमॅटवर एफ/८ च; त्यात गुणाकार नाही, आणि हातातल्या लाइट मीटरला आपण कोणता कॅमेरा वापरतो हे माहीत असण्याची गरज नाही. पण प्रिंटमध्ये पार्श्वभूमी किती धूसर होईल हे एफ-आकड्यावर नाही, तर लेन्सच्या आत प्रकाश शिरण्याच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागले की तो व्यास मिळतो. सारख्या जागेवरून, सारखी चौकट धरून, सारख्या आकाराची प्रिंट काढली, तर सारखा व्यास सारखी धूसरता देतो. आपल्या ५० मिमी एफ/१.८ चा व्यास २७.८ मिमी आहे आणि मामियाच्या ८० मिमी एफ/२.८ चा २८.६ मिमी. दोघांत व्यवहारात काहीही फरक नाही. ४ बाय ५ ची १५० मिमी एफ/५.६ लेन्स पूर्ण उघडली तरी व्यास २७ मिमीच येतो.

म्हणजे मीडियम फॉरमॅट घेतला की पार्श्वभूमी आपोआप विरघळते, हे सरसकट खरे नाही. ३५ मिमीवरची साधी ५० मिमी एफ/१.४ लेन्स ३५.७ मिमी व्यासामुळे आपल्या मामियाच्या लेन्सला या बाबतीत सहज मागे टाकते. काही अपवाद मात्र खरोखर मोठे आहेत. पेंटॅक्स ६७ ची १०५ मिमी एफ/२.४ लेन्स जवळजवळ ४४ मिमीचा व्यास देते, आणि मामिया ६४५ ची ८० मिमी एफ/१.९ लेन्स ४२ मिमीचा. या लेन्सनी काढलेली छायाचित्रे पाहून लोकांनी सगळ्या मीडियम फॉरमॅटविषयी मत बनवले, असा माझा अंदाज आहे.

हाच हिशोब छिद्र लहान करताना उलट दिशेने लागू होतो. ३५ मिमीवर एफ/११ ने जेवढी खोली प्रिंटमध्ये स्पष्ट येते, तेवढीच मामियावर आणायला एफ/२० च्या आसपास जावे लागते आणि ४ बाय ५ वर एफ/४५ च्या. इतके लहान छिद्र केल्यावर डिफ्रॅक्शनने, म्हणजे छिद्राच्या कडेला प्रकाश पसरल्याने, प्रतिमा मऊ होईल, ही भीती अनेकांना वाटते. ढोबळ नियम असा की १५०० ला एफ-आकड्याने भागले की डिफ्रॅक्शनची मर्यादा रेषा-जोड्यांमध्ये मिळते. एफ/११ वर ही मर्यादा १३६ येते आणि एफ/४५ वर ३३. पण १३६ ला १७ ने भागले आणि ३३ ला सव्वाचारने भागले, तरी प्रिंटवर दोन्हीकडे साधारण आठच उरतात. मोठ्या फॉरमॅटला इथे वेगळा दंड बसत नाही.

दंड बसतो तो शटरला. एफ/११ पासून एफ/४५ हे चार स्टॉप आहेत, आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. ३५ मिमीवर १/१२५ सेकंदात होणारे काम ४ बाय ५ वर १/८ सेकंद घेते. समुद्राकडून येणारा वारा, माडाच्या झावळ्या आणि रस्त्यावर क्षणभरही न थांबणारी माणसे यांच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. वेग परत मिळवायला १०० ऐवजी १६०० आयएसओची फिल्म घातली, तर मोठ्या निगेटिव्हमुळे ग्रेनमध्ये झालेला फायदा बहुतांशी तिथेच खर्च होतो. भरपूर खोली आणि वेगवान शटर दोन्ही हवी असतील, अशा रस्त्यावरच्या कामाला आपला ३५ मिमीचा कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्सच योग्य आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ट्रायपॉड, स्थिर विषय आणि सकाळचा वेळ यांची मुभा असेल तिथेच मोठ्या फॉरमॅटची गुंतवणूक वसूल होते.

८५ मिमीच्या जागी काय, याचे उत्तर आता काढता येते. ४:५ च्या प्रिंटसाठी ८५ ला १.८७ ने गुणले की १५९ मिमी येतात. सी-मालिकेत अशी लेन्स नाही. एका बाजूला १३५ मिमी एफ/४.५ आहे, जी ७२ मिमीसारखी वागते, आणि दुसऱ्या बाजूला १८० मिमी एफ/४.५, जी ९६ मिमीसारखी वागते. धूसरतेच्या दृष्टीने १८० चा व्यास ४० मिमी आहे, जो आपल्या ८५ मिमी एफ/१.८ च्या ४७ मिमीपासून फार लांब नाही. १३५ चा व्यास मात्र ३० मिमीच आहे. केवळ व्यक्तिचित्रासाठी मी १८० ची शिफारस करीन. तरीही जागेचा विचार करावा लागतो, आणि मुंबईत तो सगळ्यात आधी करावा लागतो. खांद्यापर्यंतच्या चित्रासाठी, म्हणजे चौकटीत सुमारे ६० सेंटिमीटरची उंची घेताना, १८० मिमीच्या लेन्सला दोन मीटरपेक्षा थोडे जास्त अंतर लागते, ते कोणत्याही खोलीत मिळते. कंबरेपर्यंत एक मीटरची उंची घ्यायची झाली तर अंतर साधारण ३.४ मीटर होते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत बसलेल्या माणसामागे भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा ठेवून तेवढे मागे सरकता येत नाही. १३५ मिमीला त्याच कामासाठी अडीच मीटर पुरतात. आपले काम घरात जास्त असेल तर १३५, गच्चीवर किंवा स्टुडिओत असेल तर १८०.

व्यक्तिचित्रांत आणखी एक फरक पडतो, ज्याची सवय ३५ मिमीवर काम केलेल्यांना नसते. निगेटिव्ह मोठी म्हणजे तीच चौकट भरताना प्रतिमाही मोठी, आणि लेन्स फिल्मपासून जास्त दूर सरकवावी लागते. तेवढा प्रकाश कमी होतो. ३० सेंटिमीटर उंचीचा, फक्त चेहऱ्याचा भाग घेताना मामियावर सुमारे अर्ध्या स्टॉपची आणि ४ बाय ५ वर जवळजवळ एका पूर्ण स्टॉपची भरपाई लागते. ३५ मिमीवरही थोडी लागतेच, पण कॅमेऱ्यातला मीटर लेन्समधूनच मोजत असल्याने ती आपोआप होते. सी-३३० च्या व्ह्यूफाइंडरमधला काटा पॅरॅलॅक्सबरोबर, म्हणजे वरच्या पाहण्याच्या आणि खालच्या टिपण्याच्या लेन्सच्या चौकटींतल्या फरकाबरोबर, ही भरपाईही दाखवतो. त्याकडे दुर्लक्ष करून काढलेल्या पातळ निगेटिव्हचे खापर पुष्कळदा लेन्सवर फुटते.

इमारतींचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे, कारण तिथे लेन्सची तीक्ष्णता दुय्यम आणि तिच्या प्रतिमावर्तुळाचा व्यास मुख्य. प्रत्येक लेन्स फिल्मच्या पातळीवर एक गोल प्रतिमा टाकते. ३५ मिमीच्या सामान्य लेन्सचे वर्तुळ चौकटीच्या कर्णाला, म्हणजे ४३ मिमीला, जेमतेम पुरते. ४ बाय ५ साठी कर्ण सुमारे १५३ मिमी असताना १५० मिमीच्या सिमार-एस किंवा निक्कोर-डब्ल्यू या लेन्स एफ/२२ वर २१० मिमीचे वर्तुळ देतात, आणि ९० मिमी एफ/८ ची सुपर-अँग्युलॉन २१६ मिमीचे. ही जास्तीची जागा म्हणजेच लेन्स वर सरकवण्याची मुभा. कॅमेरा सरळ ठेवून उंच इमारत उभ्या रेषा न झुकता घेता येते ती यामुळे. मात्र जुनी ९० मिमी एफ/६.८ ची अँग्युलॉन हिच्याशी गल्लत करू नये. तिचे वर्तुळ ४ बाय ५ जेमतेम झाकते आणि सरकवायला जवळजवळ काहीच उरत नाही. नावातला ‘सुपर’ इथे जाहिरातीपुरता नाही.

राजाबाई टॉवर २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर उंच आहे. ओव्हल मैदानात त्याच्यापासून १०० मीटरवर ट्रायपॉड लावला आहे असे धरू. कॅमेरा पूर्ण सरळ असताना क्षितिजापासून शिखरापर्यंतची प्रतिमा फोकल लेंग्थच्या ०.८५ पट उंच येते. मामियाची सर्वांत रुंद लेन्स ५५ मिमीची. तिच्यावर ही उंची जवळजवळ ४७ मिमी येते आणि चौकटीच्या मध्यापासून वर जागा आहे फक्त २८ मिमी. टॉवर मावण्यासाठी एक तर कॅमेरा वर झुकवायचा, नाहीतर जवळपास १७० मीटर मागे जायचे आणि निगेटिव्हचा खालचा अर्धा भाग गवताला देऊन नंतर कापून टाकायचा. मग सहा बाय सहाची निगेटिव्ह प्रत्यक्षात अर्धीच उरते. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यासाठीची ३५ मिमीची पीसी-निक्कोर ही सरकणारी लेन्स ११ मिमी सरकते. उभ्या चौकटीत तिला इथे १२ मिमी लागतील, त्यामुळे दहा-पंधरा मीटर आणखी मागे गेले की काम होते. ४ बाय ५ वर ९० मिमीची सुपर-अँग्युलॉन लावली तर टॉवर मध्यापासून ७६ मिमी वर जातो. शीट उभे धरल्यास मध्याच्या वर ६० मिमी आहेत, शिखरावर थोडे आकाश सोडायचे म्हणून लेन्स २५ मिमी वर सरकवायची, आणि वर्तुळ तर ३७ मिमीपर्यंत परवानगी देते. कोपरे काळे होत नाहीत, उभ्या रेषा उभ्या राहतात आणि कापाकापी करावी लागत नाही.

म्हणून इमारती हेच आपले मुख्य काम असेल तर ४ बाय ५ घ्यावा, आणि पहिली लेन्स ९० मिमीची घ्यावी. १५० नंतर घेता येईल. फोर्टच्या रस्त्यांत मागे सरकायला जागा नसते.

मोठ्या फॉरमॅटची लेन्स छोट्या कॅमेऱ्यावर लावण्याविषयी आपण ओझरते विचारले आहे. पेंटॅकॉन सिक्स या ६ बाय ६ च्या कॅमेऱ्याच्या लेन्स अॅडॉप्टरने ३५ मिमीच्या बहुतेक बॉडींवर बसतात, कारण त्यांचे माउंट फिल्मपासून ७४ मिमीवर असते आणि निकॉनचे ४६.५ मिमीवर, मधली जागा अॅडॉप्टर भरून काढतो. ८० मिमीची लेन्स तिथेही ८० मिमीच राहते आणि फक्त मधला भाग वापरला जातो. पण आधी काढलेला हिशोब इथे उलटतो: ९ पट वाढवण्यासाठी घडवलेली लेन्स आता १७ पट वाढवली जाते, त्यामुळे ती आपल्या साध्या ८५ मिमीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता कमीच. याउलट ३५ मिमीची लेन्स मीडियम फॉरमॅटवर लावणे दूरच्या विषयांसाठी अशक्य आहे. वर्तुळही अपुरे आणि अंतरही.

बोरा बाजारात किंवा ओळखीच्या कोणाकडून जुनी लेन्स घेताना आपण नेमकी कशाची तुलना करत आहोत याचे भान ठेवा. मुंबईच्या चार पावसाळ्यांत कपाटात बंद राहिलेली लेन्स आतून धूसर झालेली असू शकते, आणि बुरशीचे जाळे कडेला असले तरी तेजस्वी आकाशासमोर काळ्या-पांढऱ्यातला फरक खाऊन टाकते. मागून टॉर्च लावून, छिद्र पूर्ण उघडून, तिरक्या कोनातून पाहिल्याशिवाय कोणत्याही लेन्सविषयी मत बनवू नये. सी-३३० च्या प्रत्येक लेन्समध्ये स्वतःचे शटर असते आणि ते मंद गतींवर हमखास सुस्तावलेले असते. एक सेकंद कानाने मोजून पाहिला तरी अंदाज येतो.

मित्रासोबत पुन्हा चाचणी घ्यायची असेल तर तक्ता बाजूला ठेवा. इलफर्डची एचपी-५ प्लस ही फिल्म ३५ मिमी, १२० आणि ४ बाय ५ अशा तिन्ही आकारांत मिळते. ती एकाच डेव्हलपरमध्ये धुवा. ट्रायपॉडची जागा एकच ठेवा आणि विषय दगडी कोरीव कामासारखा, सौम्य पोताचा घ्या. पहिल्या फेरीत प्रत्येक लेन्स तिच्या सर्वोत्तम छिद्रावर वापरा; दुसऱ्या फेरीत खोली सारखी ठेवून, म्हणजे ३५ मिमीवर एफ/८, मामियावर एफ/१६ आणि ४ बाय ५ वर एफ/३२. स्कॅन करणार असाल तर २४०० डीपीआयवर दर मिलिमीटरला ४७ पेक्षा जास्त रेषा-जोड्या स्कॅनर कधीच नोंदवू शकत नाही, त्यामुळे ३५ मिमीची निगेटिव्ह तिथेच हरते आणि दोष लेन्सचा नसतो. एन्लार्जरवर करणे उत्तम: ३५ मिमीला ५० मिमीची, मामियाला ८० मिमीची आणि शीटला १५० मिमीची एन्लार्जिंग लेन्स लावा. १६ बाय २० चा पूर्ण कागद खर्च करण्याची गरज नाही. एन्लार्जर त्या उंचीवर नेऊन मधला आणि कोपऱ्यातला एकेक ८ बाय १० चा तुकडा छापला तरी पुरे. प्रत्येकाच्या मागे फॉरमॅट आणि छिद्र पेन्सिलने लिहा, आणि मित्राला ते न दाखवता प्रिंट उजेडात लावायला सांगा.